एनसीव्ही नॉर्मल आली, मग पाय का अडखळतात?

ज्वारीची काढणी नुकतीच संपली होती. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातल्या एका गावाहून साधारण पंचावन्न वर्षांच्या एक मावशी सुनेचा हात धरून ओपीडीत आल्या. सुनेच्या पिशवीत जाडजूड फाईल होती. दोन वर्षांत तीन वेळा केलेली एनसीव्ही, साखर, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, उजव्या मनगटाच्या कार्पल टनेलच्या ऑपरेशनचे कागद, मानेचा एक जुना एक्स-रे आणि गोळ्या-इंजेक्शनांच्या असंख्य चिठ्ठ्या.

मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, हाताचं आपरेशन झालं, मुंग्या बी जरा कमी झाल्या. पण भाकरी काय थापायला येईना. आन् पाय माजं न्हाईतच असं वाटतंय. चप्पल कवा निघून पडती ते बी कळत न्हाई."

आपल्याकडे रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात, हे वाचकांना सांगायला नको. त्यासाठी मुठीत किती जोर लागतो, हे ज्याने एकदा पात धरली आहे त्याला माहीत आहे. मावशींना यंदा ताट धरताच येत नव्हतं. घरच्यांनी वयावर ढकललं. त्याआधी डॉक्टरांनी साखरेवर, मग बी-ट्वेल्व्हवर, मग मनगटावर ढकललं होतं. फाईलमधल्या शेवटच्या एनसीव्हीवर 'नॉर्मल' लिहिलेलं होतं आणि सून तो कागद पुन्हा पुन्हा पुढे करत होती. "नसा चांगल्या आहेत म्हणून सांगितलंय, मग असं का होतंय?"

मी मावशींना चप्पल काढून टेबलावर झोपायला सांगितलं. गुडघ्यावर हातोडी टेकवली तसा पाय जोरात उडाला. तळव्यावर किल्लीने रेघ ओढली तर अंगठा खाली जाण्याऐवजी वर आला. मधल्या बोटाचं नख टिचकीने खाली सोडलं तर अंगठा आपोआप आत वळला. मूठ उघड-मीट करायला सांगितली. निरोगी माणूस दहा सेकंदांत वीस किंवा अधिक वेळा करतो, मावशींची गाडी नवावर थांबली. उभं करून डोळे मिटायला सांगितले तर सुनेने धरलं म्हणून पडल्या नाहीत. या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली असतील. मानेचा एमआरआय केला. दोन ठिकाणी मज्जारज्जू चेपून चपटा झाला होता आणि आत पांढरा डाग पडला होता.

दोन वर्षं. तीन एनसीव्ही. आणि मान कोणी तपासलीच नव्हती.

हा लेख मी रागाने लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. राग कोणा एका डॉक्टरवर नाही. राग आहे तो एका सवयीवर. हातापायाला मुंग्या म्हटलं की एनसीव्ही, आणि एनसीव्ही नॉर्मल म्हटलं की 'नसा ठीक आहेत', ही ती सवय. त्यातून पेशंटचे पैसे जातात ते जातातच, पण जाणारा वेळ त्याहून महाग असतो.

एनसीव्ही नक्की काय तपासते?

आपल्या शरीरातली वायरिंग दोन भागांत आहे. मेंदू आणि पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा मज्जारज्जू ही मुख्य लाईन. मज्जारज्जूतून बाहेर पडून हातापायांत जाणाऱ्या नसा म्हणजे घरापर्यंत आलेली सर्व्हिस वायर. एनसीव्ही फक्त ही सर्व्हिस वायर तपासते. मनगटावर, कोपरावर, घोट्यावर बारीक करंट देऊन तो किती वेगाने पुढे जातो हे मोजते. डायबेटिसमुळे खराब झालेल्या नसा, मनगटात दबलेली नस, कुष्ठरोगातली नस यांसाठी ही उत्तम चाचणी आहे. मी स्वतः रोज लिहून देतो.

पण मुख्य लाईनबद्दल ती काहीही सांगत नाही. आणि यात एक गंमत आहे, जी पेशंटच काय, बरेच डॉक्टरही विसरतात. हातापायाची संवेदना वर नेणाऱ्या नसेची मूळ पेशी मज्जारज्जूच्या आत नसते. ती कण्याच्या बाजूला, रज्जूच्या बाहेर, एका छोट्या गाठीत असते. त्यामुळे मानेत रज्जू कितीही चेपला गेला तरी हातातली ती नस जिवंत आणि ठणठणीत राहते. एनसीव्हीवर तिचा आकडा सुंदर येतो. पेशंटचे हात बधिर, आणि कागदावर 'नॉर्मल'. यात चाचणी खोटं बोलत नाही. आपण तिला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो.

समजा, तुम्ही मंगळवेढ्याहून सोलापूरला जाणाऱ्या एसटीची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांना फोन केला. गाडी माचणूरला वेळेवर पोचली, एवढंच तुम्ही पाहिलं आहे. त्यावरून 'सोलापूरपर्यंत रस्ता मोकळा आहे' असं सांगाल का? एनसीव्ही नॉर्मल आली म्हणून मज्जारज्जू ठीक आहे म्हणणं हे नेमकं तसंच आहे.

पूर्ण रस्ता तपासणारी चाचणी आहे. तिचं नाव एसएसईपी. यात मनगटावर किंवा घोट्यावर हलका करंट देतात आणि वाटेतल्या स्टॉपवर तो कधी पोचला याची नोंद घेतात. हातासाठी पहिला स्टॉप कॉलरबोनच्या वर, दुसरा मानेवर, तिसरा डोक्यावर. मनगटावरून निघालेला संदेश निरोगी माणसात साधारण ९ मिलिसेकंदांत कॉलरबोनजवळ, १३ मध्ये मानेत आणि २० मध्ये मेंदूत पोचतो. घोट्यापासून मेंदूपर्यंत साधारण ३७ मिलिसेकंद लागतात. उंच माणसात थोडे जास्त, बुटक्या माणसात थोडे कमी. आता पहिला स्टॉप वेळेवर, पण मानेतली नोंद दबलेली आणि डोक्यावरची उशिरा आली, तर अडचण हातात नाही, वर आहे. मावशींच्या बाबतीत पायाकडून येणारा संदेश तर डोक्यावर जेमतेम उमटत होता.

एसएसईपी संवेदनेची वाट तपासते. मेंदूकडून हातापायाकडे येणाऱ्या हुकमाची वाट तपासायला एमईपी नावाची वेगळी चाचणी आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये डोक्याच्या बाहेरून चुंबकाचा झटका देऊन मेंदूचा तो भाग जागा करता येतो हे दाखवलं. तेव्हापासून ही चाचणी वेदनेशिवाय करता येऊ लागली. डोक्यावर कॉइल धरतात, टक् आवाज होतो, हाताचा अंगठा उडतो. मेंदूपासून स्नायूपर्यंतच्या एकूण वेळातून मानेपासून स्नायूपर्यंतचा वेळ वजा केला की रज्जूतून जायला किती वेळ लागला ते कळतं. रज्जू दबला असेल तर तो वेळ वाढतो. एमईपीची सोय सगळीकडे नाही, पुण्या-मुंबईच्या मोठ्या केंद्रांत मिळते. एसएसईपीची गोष्ट वेगळी आहे. ज्या यंत्रावर एनसीव्ही होते त्यातल्या बहुतेक यंत्रांत एसएसईपीची सोय असतेच. तेच यंत्र, तोच टेक्निशियन, डोक्यावर दोन-तीन तारा जास्त आणि अर्धा-पाऊण तास जास्त. पण चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही, म्हणून कोणी करत नाही. मला चीड येते ती इथे.

'एमआरआय असताना हे कशाला?'

माझे काही सहकारी हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. मज्जारज्जू दबला आहे की नाही, कुठे, कशाने, हे एमआरआयच सांगतो. गादी सरकली, हाड वाढलं, मानेतला लिगामेंट हाडासारखा कडक झाला, क्षयरोगाने मणका खाल्ला की गाठ आहे, हे एसएसईपीला कधीच कळणार नाही. त्यामुळे एमआरआयच्या जागी ही चाचणी करा, असं मी अजिबात म्हणत नाही.

पण एमआरआय हा फोटो आहे. साठीच्या माणसांचे एमआरआय काढलेत तर कित्येकांत रज्जूला थोडा तरी दाब दिसेल आणि त्यांतले बरेच जण मजेत शेती करत असतील. उलट काहींमध्ये फोटोतला दाब मध्यम आणि पेशंटचे हाल मोठे. फोटोतला पूल अरुंद आहे एवढं दिसतं. त्यावरून वाहतूक जाते आहे की अडली आहे, हे वाहतूक मोजल्याशिवाय कळत नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या डॉक्टरांनी हा प्रश्न चिकाटीने धसास लावला. रज्जूवर दाब आहे पण रज्जूच्या आजाराची लक्षणं अजून नाहीत, अशा १९९ लोकांवर त्यांनी काही वर्षं लक्ष ठेवलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४५ जणांना पुढे खरोखर रज्जूचा आजार झाला. पहिल्या वर्षभरातच कोणाला होण्याची शक्यता जास्त होती? ज्यांच्या हातात मानेतून कळा येत होत्या आणि ज्यांच्या एसएसईपी किंवा एमईपीत आधीच बिघाड दिसत होता, त्यांना. म्हणजे अंगावर लक्षण उमटायच्या आधी तारेतला बिघाड ही चाचणी दाखवू शकते. १९९ पैकी १५४ जणांना त्या काळात काही झालं नाही, हेही लक्षात ठेवा. नुसता फोटो पाहून सगळ्यांना ऑपरेशन टेबलावर घेतलं असतं तर?

म्हणून माझं भांडण दोन्ही बाजूंशी आहे. एनसीव्हीवर थांबणाऱ्यांशी आहे आणि एमआरआयचा कागद वाचून 'मणक्यात गॅप आहे, ताबडतोब ऑपरेशन' म्हणणाऱ्यांशीही आहे. (हा 'गॅप' शब्द आपल्या भाषेतून एकदा हद्दपार व्हायला हवा. मणक्यांमधली जागा कमी होते, वाढत नाही. पण 'गॅप आलाय' म्हटलं की पेशंटला सगळं समजल्यासारखं वाटतं, डॉक्टरचंही काम भागतं आणि पट्टा विकणाऱ्याचंही.)

दोन आजार एकत्र असतात तेव्हा या चाचणीची खरी किंमत कळते. आपल्याकडे पन्नाशीनंतर डायबेटिस घरोघरी आहे. शेतात आणि चुलीपुढे राबलेल्या बायकांच्या मनगटातली नस थोडी दबलेली असणं अगदी नेहमीचं आहे. अशा पेशंटची एनसीव्ही केली की काहीतरी सापडतंच. पहिला चोर सापडला की तपास बंद! मावशींचं तेच झालं. मनगटात दोष होता, ऑपरेशनने मुंग्या थोड्या कमीही झाल्या. पण मानेतला मोठा चोर घरातच राहिला. हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. इस्रायलमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात रज्जू दबलेल्या पेशंटना योग्य निदान मिळायला सरासरी दोन वर्षांहून जास्त वेळ लागला होता, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना आधी कार्पल टनेल सांगितलं गेलं होतं.

आणि हातोडी?

एवढं सगळं चाचणीच्या बाजूने बोलल्यावर एक कबुली द्यायला हवी. मावशींचं निदान एसएसईपीने झालं नाही. ते हातोडीने आणि किल्लीने झालं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया यांनी १९६७ साली 'ब्रेन' या नियतकालिकात मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवरून जन्मतः सरकल्याने रज्जू दबलेल्या २८ रुग्णांची माहिती दिली. तेव्हा एमआरआय नव्हता, एसएसईपी दवाखान्यात आलेली नव्हती. रुग्णाचं नीट ऐकणं, हातोडी आणि मान वाकवून-सरळ करून काढलेले एक्स-रे. त्याच दोन मणक्यांना प्लेट आणि स्क्रूने बांधण्याची पद्धत पुढे १९९४ मध्ये केईएमच्या डॉ. अतुल गोयल यांनी जगापुढे मांडली. हे ज्ञान परदेशातून आयात करावं लागलेलं नाही. ते आपल्याच राज्यातलं आहे, आणि तरी तालुक्याच्या गावात पेशंटची चप्पल काढायला आपल्याला वेळ नसतो.

मीही यातून सुटलेलो नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ट्रॅक्टर ड्रायव्हरला मी चार महिने बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली होती. त्याची पातळी खरंच कमी होती. बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेनेही रज्जूचा मागचा भाग खराब होतो, त्यामुळे सगळं जुळत होतं. पाय कडक होत गेले तेव्हा मान आठवली. तोवर त्याला लघवी अडायला लागली होती. बी-ट्वेल्व्ह कमी आहे म्हणून मानेत दाब नसेलच असं नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो. फी त्याने भरली.

चोखोबांचं गाव आहे हे. गावकूस कोसळून त्याखाली ते गेले, आणि नामदेवरायांनी हाडांना कान लावून, ज्यातून विठ्ठलनाम आलं ती हाडं ओळखली, ही कथा इथल्या पोराटोरांना पाठ आहे. कान लावायला कोणीतरी बसावं लागतं, एवढंच मला त्यातून सुचतं.

चाचणीला जाताना आणि जायच्या आधी

एसएसईपीला उपाशी जायची गरज नाही. डोकं धुऊन जा आणि तेल लावू नका, नाहीतर तारा नीट चिकटत नाहीत आणि नोंद खराब येते. करंट शेकडो वेळा दिला जातो आणि त्याची सरासरी काढतात, म्हणून वेळ लागतो. अंगठा किंवा पायाची बोटं उडतात, टिकटिक जाणवते, फार दुखत नाही. अंग सैल सोडून पडून राहायचं. एमईपीच्या आधी मात्र हे सांगायलाच हवं: डोक्यात ऑपरेशनची क्लिप आहे का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे का, पेसमेकर आहे का, कधी फिट आली आहे का. अशा माणसांत ती करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

रिपोर्ट हातात आल्यावर त्यालाही एनसीव्हीसारखं देव करू नका. एसएसईपी रज्जूच्या मागच्या भागातली वाट तपासते. पुढच्या भागावर दाब असेल तर सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते. बिघाड दिसला तरी तो दाबामुळे, बी-ट्वेल्व्हमुळे की आणखी कशाने, हे ती सांगत नाही. डायबेटिसच्या पेशंटमध्ये संदेश खालीच हळू चालतो, म्हणून एकूण वेळ नव्हे तर दोन स्टॉपमधला वेळ पाहावा लागतो. हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसेल तर विचारा.

ज्यांची लक्षणं स्पष्ट आहेत, चाल बिघडली आहे, हात निकामी होत आहेत, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो आहे आणि एमआरआयवर रज्जू चेपलेला दिसतो आहे, त्यांनी या चाचणीसाठी एक दिवसही थांबू नये. जगभरच्या मणक्याच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं सरळ आहेत: मध्यम आणि तीव्र आजारात ऑपरेशन. सौम्य आजारात ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, आणि बिघडलं तर ऑपरेशन. लक्षणंच नाहीत, हातात कळाही नाहीत, तर नुसत्या फोटोसाठी ऑपरेशन नको. एसएसईपीची जागा या मधल्या संशयाच्या पट्ट्यात आहे. लक्षणं धूसर आहेत, दोन आजारांची गुंतागुंत आहे, सौम्य आजार आहे आणि थांबायचं ठरवलं आहे, अशा वेळी आज एक नोंद आणि सहा महिन्यांनी दुसरी, म्हणजे 'तसंच आहे' की 'बिघडतंय' हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

'दोन-दोन चाचण्या गरिबाला परवडत नाहीत' असं मला सांगितलं जातं. खरं आहे. मावशींनी तीन एनसीव्हींचे पैसे भरले होते. त्यातल्या दोन केल्याच नसत्या तर?

तेव्हा तुमच्या घरात कोणाची भाकरी वेडीवाकडी व्हायला लागली असेल, शर्टाची बटणं लावायला वेळ लागत असेल, चप्पल न कळता निसटत असेल, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जात असेल, मान वाकवल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं वाटत असेल, तर मान दुखत नसली तरी मान तपासून घ्या. रज्जूच्या दाबात मान दुखलीच पाहिजे असा नियम नाही. घरी दहा सेकंद घड्याळ लावून मूठ उघड-मीट करून पाहा. वीसच्या बरीच खाली गाडी थांबली तर डॉक्टरांना सांगा. सलूनमध्ये मान मोडून घेणं आजपासून बंद. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायला लाजू नका: "माझ्या पायाचे रिफ्लेक्स पाहिलेत का?" आणि "ही चाचणी हाताच्या नसेची आहे की मज्जारज्जूची?" प्रश्न विचारल्यावर रागावणारे डॉक्टर असतील. ते रागावोत.

मावशींचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनचा पहिला उद्देश आजार आहे तिथे थांबवणं हा असतो. किती परत मिळेल हे रज्जू किती दिवस आणि किती चेपलेला होता त्यावर ठरतं, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. सात महिन्यांनी त्या आल्या तेव्हा सुनेचा हात धरलेला नव्हता, काठी होती. चप्पल पायात टिकत होती. भाकरीचं विचारलं तर हसल्या आणि सुनेकडे बोट दाखवलं. उजव्या हाताची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. या वर्षी पात सुनेने धरली.